एचआयव्ही-कलंक आणि तरुणांची आरोग्यसेवा

एचआयव्हीची लागण झालेल्या, किंवा झाली असावी असा नुसता संशय असलेल्या व्यक्तीला टाळणे, कमी लेखणे आणि तिच्या चारित्र्याची उठाठेव करणे याला एचआयव्ही-कलंक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे जोनाथन मान यांनी १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या सामाजिक प्रतिक्रियेला विषाणूची साथ आणि एड्सची साथ यांच्या पाठोपाठची तिसरी साथ म्हटले होते. तरुणांना ही साथ जास्त बाधते, कारण घर, पैसा आणि निर्णय हे तिन्ही त्यांच्याबाबतीत दुसऱ्यांच्या हातात असतात. त्यांची भीती बहुतेक वेळा आजाराची नसते. कुणीतरी आपल्याला तिथे पाहील याची असते.

भारतात ही भीती सुरुवातीला सरकारनेच घातली. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तिशीही न गाठलेल्या तरुणाला रक्तदानातून लागण उघड झाल्यावर पोलिसांनी ताब्यात घेतले आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या बंद पडलेल्या रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवले. कारवाई गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसारच झाली होती. तपासणी म्हणजे उपचार नव्हे, अटक, हा धडा एका पिढीने तिथे घेतला.

आज जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतील आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते, समुपदेशक असतो, निकाल गुप्त ठेवला जातो. पण तालुक्याच्या गावी दारावरची पाटी वाचता येते आणि बाकावर शेजारची काकू बसलेली असू शकते. केसपेपर काढताना अविवाहित मुलीला ‘लग्न झालंय का?’ असे विचारले, की पुढचे तिला बोलवतच नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या तपासणीला पालकांची संमती लागते. शिवाय मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली (२०१२) अल्पवयीन व्यक्तीच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळाली, तर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ज्यांच्यापासून लपवायचे त्यांनाच आधी सांगा, अशी ही व्यवस्था; सतरा वर्षांच्या मुलाने समुपदेशकापुढे गप्प बसावे यात नवल नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील ‘मैत्री’ क्लिनिके याच वयासाठी आहेत, पण बहुतेक त्याच रुग्णालयांच्या आवारात.

प्रतिबंधाचेही तसेच. मेडिकलवाला कंडोमचे पाकीट कागदात गुंडाळून देतो. गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर ते रिकाम्या हाती परतते. संभाव्य संसर्गानंतर घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि कुणाला विचारावे या विचारातच ते तास निघून जातात. शाळेत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा महाराष्ट्राने २००७ मध्ये तो थांबवला. संस्कृतीला न शोभणारा, हा आक्षेप. समलिंगी तरुणांवर तर २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार होती.

जन्मतः लागण झालेल्यांची गोष्ट निराळी. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागली आणि जी मुले लहानपणीच गेली असती ती मोठी झाली. घरात त्यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ सांगितलेले असते. खरे कळते ते बऱ्याचदा फाइलवरचे नाव स्वतः वाचून. वसतिगृहात गेल्यावर डबीचीच पंचाईत होते: हलवली की गोळ्या खुळखुळतात. मग डबीत कापूस कोंबणे, लेबल खरवडणे, गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरणे. खोलीत पाहुणा असला की त्या रात्रीची गोळी चुकते, आणि अशा चुकण्याचीच सवय झाली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. कितीजण आपल्या जिल्ह्यातले केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यातले धरतात. गुपित राहते, पण एसटीचे भाडे आणि महिन्यातला एक खाडा पदरी पडतो.

२००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हासेगावात एचआयव्हीग्रस्त मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात म्हणून इतर पालकांनी आपली मुले पाठवणे बंद केले होते. १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षण, नोकरी, उपचार आणि भाड्याचे घर यांत असा भेदभाव करण्यास मनाई केली. त्यातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नाही: एड्सने पोरक्या झालेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड धाकट्यांचे पालकत्व घेऊ शकते. शाळा-दवाखान्यात आणि बँकेत सही कोण करणार, हा त्या घरांतला रोजचा प्रश्न.

हीच मुले आता लग्नाच्या वयात आली आहेत. औषधे नियमित घेऊन विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली राहिला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. समुपदेशक हे सांगतात, पण स्थळ पाहणाऱ्या मामा-मावशीपर्यंत ते पोचत नाही. म्हणून महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वेगळे वधू-वर मेळावे भरतात. तिथे जमलेल्या लग्नाबद्दल पाहुण्यांनी ‘स्थळ कुठून आलं?’ विचारले, तर ‘ओळखीतून’ एवढेच सांगितले जाते.