वरच्या मजल्यावर काय चालतं?

फ्रेम न्यायला आलेलं माणूस बिल देता देता एकदा तरी जिन्याकडे बघतं आणि विचारतं, वर गोडाऊन आहे का? गोडाऊन नाहीये. वर चित्रं आणि इतर कलाकामं मांडायचा एक हॉल आहे आणि तो आम्ही पाच जण मिळून चालवतो, पाचही चित्रकार, त्यातलेच दोघं खाली पट्टी कापतात, काच बसवतात, तुमच्या आजोबांच्या फोटोला माउंट लावतात. काउंटरवर गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हे लिहून काढलंय, घरी नेऊन निवांत वाचा.

सुरुवात झाली ती जागेच्या अडचणीतून. नाशिकच्या पोरांचा हात जलरंगात चांगला बसलेला असतो, रामकुंड, घाट, पंचवटीतली देवळं, सकाळचं ऊन, हे सगळं जागेवर बसून तासाभरात कागदावर उतरवतात आणि ते काही कमी नाही, ती या गावची कमाई आहे. पण त्यातल्याच एखाद्याला मातीत, कापडात, नाहीतर नुसत्या आवाजात काही करून बघायचं असेल तर ते मांडायचं कुठे? मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागेपर्यंत वर्षं जातात. इथे भाड्याचा हॉल घ्यायचा तर रोजचं भाडं डोक्यावर, मग माणूस जे विकलं जाईल तेच लावतो. आम्हाला तर एका हॉलवाल्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं की भिंतीला खिळा मारायचा नाही आणि फरशीवर माती सांडायची नाही, आणि आमच्यातल्या एकाचं अख्खं कामच मातीचं होतं. त्या रात्री टेम्पोत सामान परत भरताना ठरलं, आपली जागा पाहिजे, लहान का असेना.

कलाकारांनी मिळून आपलं आपण काही उभं करायचं, ही कल्पना आम्ही काढलेली नाही, आधीच्या लोकांनी करून दाखवलीय. १९६२ साली भावनगरला बारा चित्रकार-शिल्पकार एका घरी जमले, घराचा नंबर होता १८९०, तेच ग्रुपचं नाव झालं, पुढच्या वर्षी दिल्लीत त्यांचं एकच प्रदर्शन झालं आणि ते आजही लोकांच्या लक्षात आहे. दिल्लीची ‘खोज’ ही कलाकारांची संस्था १९९७ मध्ये कलाकारांच्या वर्कशॉपमधून सुरू झाली आणि पुढे दिल्लीतल्याच खिडकी नावाच्या गावात स्थिरावली. पण आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं ते चेन्नईजवळचं चोलमंडल. के. सी. एस. पणिक्कर तिथल्या सरकारी आर्ट कॉलेजचे प्रिन्सिपल, त्यांना दिसत होतं की चांगले चांगले विद्यार्थी पोटासाठी चित्र सोडून देतायत. मग त्यांनी आणि पोरांनी बाटिकचे, म्हणजे मेण लावून रंगवलेले कपडे, चामड्याच्या, धातूच्या वस्तू बनवून विकल्या, त्यातून पैसे उभे केले, आणि १९६६ मध्ये समुद्राजवळ जमीन घेऊन कलाकारांचं गावच वसवलं. हाताच्या कामाने पोट भरायचं आणि चित्र मात्र स्वतःच्या मनाचं काढायचं. आमचं बाटिक म्हणजे तुमच्या फ्रेमा. वरच्या हॉलचं भाडं आणि लाइटबिल खालच्या दुकानातून जातं, म्हणजे तुम्ही एक फोटो फ्रेम करून नेता तेव्हा वरचा एखादा बल्ब तुमच्यामुळे पेटतो, हे आम्ही मनापासून सांगतोय.

वर काय लावायचं ते आम्ही पाच जण बसून ठरवतो. ज्याचा नातेवाईक किंवा विद्यार्थी असेल तो त्या दिवशी मत देत नाही. कॉपी केलेलं काम आणि प्रिंटवर ब्रश फिरवून हाताचं म्हणून दिलेलं कॅनव्हास आम्ही घेत नाही, कितीही ओळख असो. भिंतीचं भाडं घेत नाही, काम विकलं गेलं तर पैसे पूर्ण चित्रकाराचे.

‘पण हे चित्र आहे का?’ असं बरेच जण विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. मागे निफाडकडच्या एका मुलीने द्राक्षाच्या घडांना गुंडाळलेले पेपर आणून लावले होते. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बागेत घडाला पेपर लावतात ना, तेच, काढणीनंतर गोळा केलेले, छताला दोऱ्याने टांगलेले, प्रत्येकावर घडाचा गोल आकार उमटलेला, रसाचे डाग, औषधाचे पांढरट ठिपके, आणि मधेच अर्धवट वाचता येणाऱ्या बातम्या. एक बागायतदार काका मुलाच्या लग्नाचा फोटो न्यायला आले होते, ते वर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. उतरल्यावर म्हणाले, आमच्याकडे हे आम्ही जाळतो. एवढंच बोलले, पण पुढच्या आठवड्यात काकूंना घेऊन परत आले. आम्ही हा हॉल कशासाठी चालवतो ते त्या दिवशी आम्हालाच नीट कळलं. समकालीन कला म्हणजे काहीतरी परदेशी, मोठ्या शहरातलं असं नसतं हो, आपल्याच बांधावरचं असतं, फक्त कोणीतरी उचलून समोर टांगावं लागतं.

यायला तिकीट नाही, दुकान उघडं असेल तेव्हा वरचंही उघडं. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते म्हणून तेव्हा कागदावरची कामं लावत नाही, माती, लोखंड, कापड असं बघायला मिळेल. काही कळलं नाही तर खाली येऊन विचारा, हातातली पट्टी ठेवून सांगू. आणि जिन्याची शेवटची पायरी जरा उंच आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी आवाज द्या, आमच्यातलं कोणीतरी हात धरायला येईल.