लोहाराची भट्टी: बलुत्यापासून रस्त्याकडेच्या पालापर्यंत

बलुतेदारांच्या याद्या गावोगाव थोड्या बदलतात. लोहार मात्र बहुतेक सगळीकडे सापडतो, तोही सुताराच्या शेजारी. त्याला कामागणिक पैसे नसत. वर्षभर फाळ, कुळवाची फास, विळे-खुरपी शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) द्यायची आणि सुगीत खळ्यावरून धान्य न्यायचं. लोखंड शेतकऱ्याचं, आणि गर्दीच्या दिवसांत भाता ओढायलाही अनेकदा तोच बसे. मृगाआधी भट्टीपुढे हमखास रांग.

खरं कसब घणात नाही, पाणी देण्यात आहे. पातं लाल करून फक्त धार पाण्यात बुडवायची, काढून कानशीने घासायची आणि मागची धग धारेकडे सरकताना रंग बघायचा: आधी पिवळा, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावरच विझवलं तर विळा कडक होतो, पण दगडाला लागताच तुकडा उडतो. निळ्याच्या पुढे गेलं तर धार वळते. हे सगळं नजरेवर. म्हणूनच भट्टी सावलीत असते, उन्हात रंग कळत नाहीत.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना सुतारही लागे. कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, शेण्यांच्या आरात तापवून बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. आकसलेलं लोखंड आरे आणि तुंबा असे आवळतं, की खिळ्यांची फारशी गरज उरत नाही.

लोखंडाला भुतंखेतं भितात हा समज जुना. बाळंतिणीच्या उशाशी विळा, उंबऱ्यावर घोड्याची नाल, हे त्यातलंच. शनिवारी लोखंड विकत न घेणं मात्र शनीमुळे. दसऱ्याला ऐरणीला हळदकुंकू.

गावात लोहार नसेल तिथे घिसाडी, म्हणजे भटके लोहार, येत. नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवणार आणि बायको घण घालणार. बलुतेदाराच्या भट्टीवर हे दृश्य क्वचितच. राजस्थानातले गाडिया लोहार आपली भटकंती १५६८ साली पडलेल्या चित्तोडशी जोडतात: गड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही, अशी शपथ. एप्रिल १९५५ मध्ये नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेलं. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी, गाडी लोहार आणि चित्तोडी लोहार एकाच नोंदीत आहेत. मला मात्र शपथेपेक्षा गिऱ्हाईक हेच फिरण्याचं मोठं कारण वाटतं.

बलुतं मोडायला एकच कारण नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर कारखान्यातून येऊ लागले (किर्लोस्करवाडी १९१० ची), पुढे ट्रॅक्टर आले, रोख पैसा आला. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा बसला, आणि लोखंड म्हणून मोटारीच्या स्प्रिंगचे जुने पाटे. ऊसतोडीच्या हंगामाआधी त्याच पाट्यांचे कोयते आठवडी बाजारात अजूनही खपतात.