गयेला चाललोय म्हणजे नक्की कुठे?

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीत गेल्या भाद्रपदात एक फजिती झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या आठवड्यात गयेला जातोय, कुरिअर आलं तर घेऊन ठेवा." समोरच्या काकूंनी लगेच जोडलेले हात टाकले आणि खाली लिहिलं, "फार छान. पितर तृप्त होतील." काकांचं उत्तर नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, मी बोधगयेला चाललोय. पिंडदान करणार नाही अशी शपथ आमच्या वडिलांनी नागपुरात घेतलीये."

काकूंना तरी काय बोल लावायचा? पितृपक्ष तोंडावर, जांभळी नाक्यावर गवार, भेंडी आणि अळूचे भाव चढलेले. त्यात गाडीही तीच, प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल, आणि तिकीटही गयेचंच, कारण बोधगयेला रेल्वे जात नाही. विमानतळसुद्धा गयेच्याच नावाचा. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम 12-13 किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून कल्याणपेक्षाही जवळ.

नदीही एकच. बोधगयेशेजारून वाहते ती निरंजना. पुढे तिला मोहना मिळते आणि गयेत पोचेपर्यंत तिची फल्गू होते. सीतेनं दशरथाला वाळूचा पिंड दिला आणि साक्षीला बोलावल्यावर फल्गू खोटं बोलली, म्हणून तिला शाप मिळाला, अशी कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. तेव्हापासून ती वाळूखालून वाहते. केतकीही खोटं बोलली, ती पूजेतून गेली. वड तेवढा खरं बोलला, तो अक्षयवट झाला. पूर्वी यात्रेकरू वाळूत खड्डा करून पाणी काढत. 2022 मध्ये विष्णुपद मंदिराजवळ रबराचं धरण बांधलं, आता तिथे पाणी साठलेलं दिसतं. शाप उतरायला जलसंपदा खातं लागलं म्हणायचं.

गया, म्हणजे पिंडांची गया, मराठी घरांना आधीपासून ठाऊक आहे. प्रयाग, काशी, गया ही आपली त्रिस्थळी. सोळाव्या शतकात काशीत राहिलेल्या, मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी याच तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. विष्णुपदाचं आजचं देऊळ 1787 मधलं, अहिल्याबाई होळकरांनी बांधवून घेतलेलं. आत मूर्ती नाही. खडकातलं सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचं पाऊल आहे आणि पिंड त्या पावलावर वाहतात. गयासुराला विष्णूनं याच पायानं दाबून धरलं, म्हणून गावाचं नाव गया. 2025 च्या मे महिन्यात बिहार सरकारनं ते 'गयाजी' केलं.

इथे आलेला माणूस स्वतःसाठी आलेला नसतो. त्याच्या हातात यादी असते: वडील, आजोबा, पणजोबा, आईकडची माणसं, बिनलग्नाचा गेलेला काका. विधी एका दिवसाचा असतो, तीन दिवसांचा असतो, सगळा केला तर सतरा दिवसांचाही. फल्गू, विष्णुपद, प्रेतशिलेची टेकडी, शेवटी अक्षयवट. आधी गयावाळ पंडा, म्हणजे तिथला पिढीजात पुरोहित, गाव आणि घराणं विचारतो आणि वही उघडतो. आपल्या पणजोबांची सही परक्या मुलखातल्या वहीत सापडली की भलेभले गप्प होतात. सगळं उरकल्यावर पंडा पाठीवर हात ठेवून 'सुफल' म्हणतो, तेव्हा यात्रा पुरी. आणि हो, एखादी भाजी किंवा फळ कायमचं सोडायचं असतं. माझ्या आजीनं पडवळ सोडलं. आजोबांना पडवळ फार आवडायचं, म्हणून पुढची वीस वर्षं ती त्यांच्यापुरतं करायची आणि स्वतः लोणच्याशी पोळी खायची.

बोधगयेत यादी नसते. पंडा नाही, सुफल नाही. महाबोधी विहाराच्या पश्चिमेला पिंपळ, त्याच्या बुंध्याशी वज्रासन, म्हणजे बुद्धांना ज्ञान झालं ती बसण्याची जागा, आणि भोवती बसलेली माणसं. आताचं झाड 1881 मध्ये कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं लावलं. आधीचं 1876 मध्ये कोसळलं होतं. तिबेटी यात्रेकरू फळीवर दिवसभर साष्टांग नमस्कार घालतात, थायलंडचे लोक रांगेत बसून पठण करतात, आणि आपल्याकडून गेलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्रिशरण-पंचशील म्हणतात. पानं तोडायची नाहीत. गळालेलं पान मिळालं तर ते वहीत ठेवून घरी आणायचं. पान पडलं की चार देशांची माणसं एकदम वाकतात.

गर्दीचे दिवसही वेगळे. गयेत भाद्रपदाचा वद्य पक्ष, बोधगयेत थंडी आणि वैशाखातली बुद्धपौर्णिमा. विष्णुपदाच्या दारावर अहिंदूंना प्रवेश नसल्याचा फलक आहे; महाबोधीत कुणालाही जाता येतं.

मात्र रेघ इतकी स्वच्छ नाही. गयाश्राद्धाच्या जुन्या यादीत बोधगयेजवळचं धर्मारण्य आणि खुद्द बोधिवृक्षही येतो, त्यामुळे पितृपक्षात पिंड घेऊन लोक तिकडे जातात. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, ही त्यामागची समजूत. उलट गयेतल्या ब्रह्मयोनी टेकडीला बौद्ध गयाशीर्ष म्हणतात. अग्निपूजक जटाधारी तपस्व्यांना भिक्खू करून घेतल्यावर बुद्धांनी 'सगळं काही जळतं आहे' हे प्रवचन त्यांना तिथेच दिलं.

काकांचा राग इथूनच येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये पाचवी सांगते की बुद्ध विष्णूचा अवतार नाही, तो खोटा प्रचार आहे. सहावी सांगते, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. एका ओळीच्या शुभेच्छेत काकूंनी दोन्ही मोडल्या होत्या, त्याही अगदी प्रेमानं. विहाराचा कारभारही काकांना खुपतो. 1949 च्या कायद्यानं नेमलेल्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. कारभार संपूर्ण बौद्धांकडे द्या म्हणून 2025 मध्ये भिक्खू उपोषणाला बसले, तेव्हा काकांच्या गॅलरीत निळा आणि पंचशील असे दोन्ही झेंडे लागले होते. मला विचाराल तर काकांचं म्हणणं पटतं. विष्णुपदाच्या समितीत चार बौद्ध ठेवा असं कुणी म्हणणार नाही.

काकूंना मी हे सगळं जिन्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, मग मी काय लिहायला हवं होतं?" मी बौद्धांची शुभेच्छा सांगितली, "मंगल मैत्री." त्यांनी ते लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला आणि येताना तिळकूट आणू का, असं विचारलं. गयेचं तिळकूट, म्हणजे कुटलेल्या तिळांची मिठाई, आणि अनारसे दोन्ही नावाजलेले; तिथला अनारसा गोल आणि खव्यानं भरलेलाही मिळतो. काकूंना तो पटला नाही, पण संपवला.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. गया स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले सहसा कुठे जायचं ते विचारत नाहीत. मुंडण आणि धोतर दिसलं की विष्णुपद, पांढरे कपडे दिसले की बोधगया. माझ्या अंगात जीन्स आणि डोक्यावर केस. रिक्षावाल्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन्हीकडचं भाडं सांगितलं.