जुन्या कानांना नवा प्रोग का रुचत नाही?

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजेच प्रोग, हा लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉकचा प्रकार. त्याच्या जुन्या भक्तांचं एका गोष्टीवर हमखास एकमत असतं. जे काही अस्सल होतं ते सत्तरच्या दशकात होऊन गेलं, पुढचं सगळं नक्कल. ऑक्टोबर १९६९मध्ये किंग क्रिम्सन या गटाचा पहिला अल्बम आला. पुढच्या काही वर्षांत यस आणि जेनेसिस या गटांनी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या आणि या भक्तांची घड्याळं तिथेच थांबली. इंग्लंडात हेकन आणि बिग बिग ट्रेन, नॉर्वेत वॉबलर आणि लेप्रस, स्वीडनमध्ये ओपेथ, असा नव्या गटांचा कारभार जोरात चालू आहे. पण नवं काही लावलं की पाच मिनिटांत ‘यात ती मजा नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल संगीतापेक्षा मेंदूबद्दल जास्त सांगतो, असं माझं मत आहे.

मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी १९८९मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. साधारण चोविशीत कानावर पडलेली गाणी लोकांना सर्वांत जास्त आवडतात, असं त्यांना दिसलं. पौगंडावस्था आणि ऐन तारुण्यातल्या आठवणी मेंदूत ठळक कोरल्या जातात, हे मानसशास्त्रात इतरत्रही वारंवार दिसून आलं आहे. इथवर ऐकून पुष्कळजण मान डोलावतात आणि ‘आता आमचं वय गेलं’ म्हणून मोकळे होतात.

पण कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३च्या अभ्यासाने यात एक पाचर मारली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटत होती. त्या काळात ही मुलं जन्मलीही नव्हती. मग हा जिव्हाळा आला कुठून? घरात तीच गाणी सतत वाजत असणार, हे त्याचं सरळ उत्तर. म्हणजे वयाइतकाच, कदाचित त्याहून जास्त, वाटा पुनरावृत्तीचा आहे.

रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. पुढे डॅनियल बर्लाइन यांनी त्यात गुंतागुंतीचा मुद्दा आणला. सोपी चाल पटकन आवडते आणि पटकन विटते. गुंतागुंतीची रचना सुरुवातीला डोक्यावरून जाते, हळूहळू चढत जाते आणि बराच काळ टिकते. प्रोग हा जवळपास सगळाच दुसऱ्या गटातला माल. तरुणपणी रेकॉर्डी मोजक्या होत्या, म्हणून त्या झिजेपर्यंत ऐकल्या गेल्या. वीस मिनिटांची रचना पहिल्या फटक्यात कुणालाच कळली नव्हती. फक्त दुसरं लावायला काही नव्हतं! आज लाखो गाणी हाताशी असताना नव्या अल्बमला आपण एक संधी देतो, तीही फोनवर दुसरं काहीतरी बघताना.

मेंदूत नेमकं काय घडतं, याची चांगली झलक मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली झालेल्या एका प्रयोगातून मिळाली. व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवत मेंदूची चित्रं घेतली. तो खास क्षण आल्यावर डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवत होतंच. पण मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते तो क्षण येण्याच्या थोडं आधीही स्रवत होतं. ‘आता येणार’ ही चाहूल हा आनंदाचा मोठा हिस्सा आहे. अनोळखी संगीतात ही चाहूलच लागत नाही, तर मजा कुठून येणार?

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ घ्या. त्यातला मुख्य ठेका सात मात्रांचा. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच आहे, पण गिटार सुरू होते तेव्हा सगळा गट चारात उडी मारतो आणि काम झाल्यावर पुन्हा सातात परततो. पहिल्यांदा ऐकताना पाय चुकीच्या जागी पडतो. गाणं पाठ झालं की नेमकी तीच उडी हवीहवीशी वाटते. सातात असं काही अवघड नाही म्हणा. रूपक ताल ऐकत वाढलेल्याला ते सांगावं लागत नाही. पाश्चात्त्य श्रोत्यांचं मात्र अडतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या प्रयोगांत सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन लोकसंगीतातल्या विषम ठेक्यांमधली गडबड ओळखता येत होती, वर्षाच्या बाळांना येत नव्हती. वर्षाच्या बाळांना घरी थोडे दिवस तसं संगीत ऐकवल्यावर ती पुन्हा ओळखू लागली. मोठ्यांचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. म्हणजे वयाचा फटका आहेच, आणि त्याची भरपाई जास्त वेळा ऐकूनच होणार.

खरी अडचण मात्र याच्याही आधी सुरू होते. रचना समजायला अनेकदा ऐकावं लागतं, पण आवाजाचा पोत आपण क्षणात ओळखतो. ओळखीचं गाणं अर्ध्या सेकंदाहूनही छोट्या तुकड्यावरून सांगणारे लोक प्रयोगांत सापडले आहेत. त्यामुळे मेलोट्रॉन या टेप वाजवणाऱ्या कळपट्टीच्या वाद्याचा तो किंचित थरथरता, टेपवरचा व्हायोलिनसमूह कानावर पडला की जुना भक्त लगेच विरघळतो, आणि खाली उतरवलेल्या तारांची गिटार किंवा गळ्यातला गुरगुराट ऐकू आला की रचना कशी आहे हे कळायच्या आत गाणं बंद करतो. नकार पोताला असतो, खापर मात्र रचनेवर फुटतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट नवी असू द्यावी. वॉबलरचा पोत सत्तरच्या दशकातलाच आहे, रचना तेवढ्या नव्या. तिथे पाय लवकर रुळतात. ओपेथ हवे असतील तर २०११चा ‘हेरिटेज’ आधी ऐकावा. त्यात त्यांनी गुरगुराट पार सोडून दिला आहे.

स्ट्रीमिंगच्या शिफारशींवर मी फारसा विसंबत नाही. त्यांचा मोठा भाग ‘तुम्ही ऐकता ते ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात’ या हिशेबावर चालतो. कमी श्रोते असलेल्या गटाबद्दल हिशेबाला पुरेल इतका विदाच नसतो. त्यामुळे फिरून फिरून तेच पाच दिग्गज समोर येतात.

त्यापेक्षा वादकांचा माग काढावा. ड्रमर बिल ब्रुफर्ड १९७२मध्ये यस सोडून किंग क्रिम्सनमध्ये गेला आणि १९७६मध्ये जेनेसिसबरोबर दौऱ्यावर होता. पुढे त्याच किंग क्रिम्सनमध्ये गॅव्हिन हॅरिसन वाजवू लागला. तो पॉर्क्युपाइन ट्री या गटाचा ड्रमर. तिथून त्याच गटाचा गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन सापडतो. त्याने किंग क्रिम्सन, यस आणि जेथ्रो टल यांचे जुने अल्बम मूळ टेपांवरून नव्याने मिक्स केले आहेत आणि त्याच्या स्वतःच्या अल्बमांमध्येही आजच्या पिढीतले उत्तम वादक भेटतात. या वाटेवर प्रत्येक नव्या आवाजाबरोबर एक ओळखीचा हात असतो, म्हणून मेंदूची अटकळ अगदीच आंधळी राहत नाही.

कानांचंही बघायला हवं. वय वाढतं तशी आंतरकर्णातल्या केशपेशींची झीज होते आणि आधी उच्च कंप्रतेचे आवाज जातात. झांजांची किणकिण, गायकाच्या शब्दांतले स, श बोथट होतात. त्यात नव्या ध्वनिमुद्रणांमध्ये पुष्कळदा हळू आवाज वर उचलून सगळं एका पातळीवर आणलेलं असतं, मग थरांवर थर असलेली रचना नुसता गोंगाट वाटते. ‘नव्यात काही कळत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. आवाज वाढवून उपयोग नाही. चांगले हेडफोन आणि शांत खोली जास्त कामाची. श्रवणयंत्र असेल तर श्रवणतज्ज्ञाला संगीतासाठी वेगळी जुळणी करून द्यायला सांगावं. यंत्राची नेहमीची जुळणी बोलणं कळावं म्हणून केलेली असते आणि तीत ऑर्गनचा लांब धरलेला सूर चक्क शिट्टी समजून दाबला जाऊ शकतो.