पिटिंग क्षरण

स्टेनलेस स्टीलवर एखाद्याच बिंदूपाशी सुरू होऊन आत खोल उतरणारे क्षरण. सगळा पत्रा चकचकीत दिसत असतो आणि एका जागी आरपार भोक पडते, म्हणून साध्या लोखंडाच्या तांबेऱ्यापेक्षा हा प्रकार फसवा. वजन किती घटले यावरून काहीच कळत नाही. सर्वांत खोल खड्डा कुठवर गेला ते पाहावे लागते.

स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असले, की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. ओरखडा गेला तरी तो आपोआप भरून येतो. पाण्यातल्या मीठासारख्या क्षारांतून आलेले क्लोराइड आयन (विद्युतभारित कण) या थरातली कच्ची जागा गाठतात. बहुतेकदा ती पोलादात राहून गेलेल्या मँगनीज सल्फाइडच्या कणापाशी असते. सुरुवातीचे बरेच खड्डे लगेच बुजतात. जो तगतो, तो स्वतःचे आम्ल स्वतःच तयार करतो : विरघळलेल्या क्रोमियम-लोहाचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्लता वाढवतात, विद्युतभाराचा तोल राखायला बाहेरचे क्लोराइड आत ओढले जाते आणि तशा द्रावात थर पुन्हा धरत नाही. तोंडावर उरलेला जाळीदार पापुद्रा हा द्राव आतच कोंडून ठेवतो. गंमत अशी, की भोवतालचा धडधाकट पृष्ठभागच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन खेचून घेणारी बाजू, बनून खड्ड्याला पोसतो. कॅथोड केवढा तरी मोठा, अ‍ॅनोड, म्हणजे विरघळणारा खड्डा, सुईच्या टोकाएवढा. साहजिकच सगळा प्रवाह तिथेच एकवटतो.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी क्लोराइडची ब्याद टळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पाणी उडते, क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या टाकीत पाणी उतरेल तशी पांढरी कड चढते, ती याचीच. कूलिंग टॉवरचे फिरते पाणी आटून पाचपट दाट झाले, की क्लोराइडही पाचपट होते. त्यात उष्णतेने पिटिंगला आणखी जोर येतो.

स्टेनलेस स्टीलच्या सर्रास वापरातल्या ३०४ या प्रतीऐवजी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ घेतले तर बराच फरक पडतो. पण नुसती प्रत बदलून भागत नाही. वेल्डिंगलगतची निळी-पिवळी झाक पिकलिंग करून, म्हणजे आम्लाने साफ करून, काढली नाही, तर तिच्याखालच्या क्रोमियम घटलेल्या पट्ट्यातच खड्डे धरतात. नव्या टाकीची चाचणी बोअरच्या पाण्याने घेऊन ते तळाशी तसेच साचू देणे, हा तर निव्वळ आळस. टाकी वापरात येण्याआधीच तळाला टिपके पडलेले असतात आणि बोल मात्र वेल्डरला लागतो.