संवादी वेब ॲप्लिकेशन आणि खुली मानके

ब्राउझरमध्येच चालणारे, वापरकर्त्याच्या कृतीला लगेच प्रतिसाद देणारे आणि त्यासाठी दरवेळी पूर्ण पान पुन्हा मागवावे न लागणारे सॉफ्टवेअर म्हणजे संवादी वेब ॲप्लिकेशन. ई-मेल, सरकवता येणारे नकाशे, अनेकांनी एकाच वेळी लिहायचे दस्तऐवज ही त्याची रोजची उदाहरणे. ज्या तंत्रांवर ती चालतात त्यांचे तपशील बहुतांशी खुले आहेत. ते कोणीही वाचावेत, कोणालाही परवाना-शुल्क न देता त्यांवरून नवा ब्राउझर किंवा नवे ॲप्लिकेशन तयार करावे. खुली मानके म्हणतात ती हीच. या दोन्ही गोष्टी जोडीने वाढल्या असे आज वाटते, पण ते खरे नाही. वेबवरचा संवादीपणा आधी एकेका कंपनीच्या घरात जन्मला. मानकांनी तो मागाहून उचलला आणि सर्वांचा केला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती एकमेकांना जोडलेल्या दस्तऐवजांसाठी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे मूळ सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचे केले, आणि पुढच्या वर्षी मानके ठरवण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम स्थापन झाले. या वेबमध्ये पान मागवायचे, वाचायचे, दुव्यावर क्लिक करून पुढचे पान मागवायचे, एवढाच व्यवहार होता. अर्जातली एक चूक दाखवायलाही सर्व्हरपर्यंत, म्हणजे पाने पुरवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, फेरी मारावी लागे. ही अडचण ओळखून नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये ब्राउझरमध्येच चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. मायक्रोसॉफ्टने लगेच स्वतःची आवृत्ती काढली. १९९७ मध्ये मानके ठरवणाऱ्या एक्मा संस्थेने भाषेचे मानक प्रसिद्ध केले. तरी पानाच्या घटकांपर्यंत पोहोचण्याची पद्धत दोन्ही ब्राउझरांत वेगळीच राहिली, आणि एकच काम दोनदा लिहिणे हा विकसकांचा नित्यक्रम झाला.

या गोंधळातून सुटण्याची वाट प्लगइनांनी, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या जादा सॉफ्टवेअरांनी, दाखवली. जावा ॲप्लेट, मग फ्लॅश, पुढे २००७ मध्ये सिल्व्हरलाइट. फ्लॅशची मालकी असलेल्या मॅक्रोमीडियाने २००२ मध्ये ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ ही संज्ञा रूढ केली. फ्लॅशचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल: ॲनिमेशन, ध्वनी आणि व्हिडिओ सर्व ब्राउझरांत सारखेच दिसणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मात्र प्लगइनच्या चौकटीत जे होते ते वेबच्या बाहेरच राहिले. आतल्या मजकुरापर्यंत शोधयंत्रे आणि अंधांना मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर कसेबसे पोहोचत, आतल्या एखाद्या जागेचा दुवा सहज देता येत नसे आणि ‘मागे’ जाण्याचे बटण भलतीकडेच नेई. शिवाय कोणत्या यंत्रावर काय चालेल, हे एक कंपनी ठरवत असे.

दरम्यान खरी किल्ली ब्राउझरमध्येच पडून होती. आउटलुकची वेब आवृत्ती बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या गटाला पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवायची होती. त्यासाठी घडवलेली एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ही सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर आली. मोझिलाने व नंतर इतर ब्राउझरांनी ती उचलली. एप्रिल २००४ मधील जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मधील गूगल मॅप्स यांनी तिचे सामर्थ्य लाखो लोकांना दाखवले, आणि त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या कार्यपद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. कन्सॉर्टियमने तिच्या विनिर्देशाचा पहिला मसुदा काढला तो २००६ मध्ये, म्हणजे सोय वापरात आल्यावर सात वर्षांनी.

मानके एवढी मागे का राहिली? वेबची पाने एचटीएमएल या भाषेत लिहिली जातात. कन्सॉर्टियमचे लक्ष तेव्हा तिच्या एक्सएचटीएमएल या नव्या रूपाकडे होते. ही भाषा शिस्तीची होती. लिखाणात एक जरी चूक असली तरी पान दाखवूच नये, असा तिचा काटेकोर दंडक. प्रत्यक्ष वेब मात्र चुकांनी भरलेली होती आणि लोक ती सुखाने वाचत होते. जून २००४ मधील एका कार्यशाळेत मोझिला व ऑपेरा यांनी आहे तीच एचटीएमएल ॲप्लिकेशनसाठी वाढवावी, असा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. काही दिवसांतच ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी व्हॉटडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट उभारला.

या गटाचे सर्वांत मोलाचे काम फारसे कोणाच्या नजरेत भरत नाही. संपादक इयन हिक्सन यांच्या देखरेखीखाली त्यांनी चुकीची एचटीएमएल कशी वाचायची, याची पायरीपायरीने तंतोतंत पद्धत लिहून काढली. बंद न केलेला टॅग (घटकाची सुरुवात किंवा शेवट दाखवणारी खूण), उलटसुलट गुंफलेले घटक, राहून गेलेली अवतरणचिन्हे, प्रत्येक बाबतीत ब्राउझरने नेमके काय करायचे ते ठरले. तोवर प्रत्येक कंपनी दुसऱ्याच्या ब्राउझरचे वर्तन निरखून त्याची नक्कल करत असे. नव्याने ब्राउझर लिहू पाहणाऱ्यापुढे ही भिंतच होती. ती या कामाने पडली. जुनी पाने मोडायची नाहीत, हे तत्त्व त्यामागे होते, आणि माझ्या मते एचटीएमएल५ ला यश मिळाले ते व्हिडिओ किंवा चित्रफलकापेक्षा या तत्त्वामुळे. चित्रफलक, म्हणजे कॅनव्हास हा घटक, तोही ॲपलने २००४ मध्ये स्वतःच्या डॅशबोर्डसाठी आणला होता आणि नंतर मानकात आला.

कन्सॉर्टियमने २००७ मध्ये हे काम स्वीकारले, एक्सएचटीएमएल २ गुंडाळले आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल५ ची शिफारस, म्हणजे अंतिम मानक, प्रसिद्ध केली. दोन संस्थांच्या दोन प्रती चालू राहिल्याने पुन्हा घोळ झाला. २०१९ च्या करारानुसार व्हॉटडब्ल्यूजीची सतत सुधारली जाणारी प्रत हीच एकमेव मानली जाते.

खुलेपणाची खरी कसोटी पेटंटांनी घेतली. प्लगइन पानात बसवण्यावर इओलास कंपनीने पेटंटहक्क सांगितला आणि २००३ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला सुमारे ५२ कोटी डॉलर भरपाई देण्यास सांगितले. निकाल पुढे अपिलात गेला, तरी २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्लगइन वापरण्यापूर्वी त्यावर एक जादा क्लिक करणे भाग पडले. २०१२ मध्ये टेक्ससमधील खटल्यात बर्नर्स-ली यांनी साक्ष दिली आणि ज्यूरीने पेटंट अवैध ठरवले. कन्सॉर्टियमच्या २००४ च्या पेटंट धोरणानुसार मानक घडवण्यात भाग घेणाऱ्यांना आपली आवश्यक पेटंटे विनाशुल्क खुली करावी लागतात. व्हिडिओच्या बाबतीत हे साधले नाही: सर्वांना मान्य होईल असे एकच संकेतन (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) न सापडल्याने एचटीएमएलच्या मानकात ते नेमून दिलेलेच नाही.

२००८ मध्ये गूगलच्या क्रोमबरोबर आलेल्या, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनाने वेगाची चढाओढ लावली, आणि जावास्क्रिप्ट मोठ्या कामांना पेलू लागली. आयफोनने फ्लॅशला कधीच जागा दिली नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी, मॅक्रोमीडिया विकत घेतलेल्या अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवला. त्याची कामे तोवर मानकांमध्ये वाटली गेली होती: सर्व्हरशी अखंड दुतर्फा संवादासाठी वेबसॉकेट, त्रिमितीय चित्रांसाठी वेबजीएल (दोन्ही २०११), आणि इतर भाषांतील प्रोग्राम जवळजवळ मूळ वेगाने चालवणारे वेबअसेम्ब्ली (२०१९ मध्ये शिफारस).

तरी सगळे जमले असे नाही. साध्या मजकुरासाठीही अवजड स्क्रिप्ट लादण्याची सवय वाढली आहे. अंध वापरकर्त्यांना संवादी घटक कळावेत म्हणून २०१४ मध्ये आलेले एआरआयए मानक अनेक विकसक वापरत नाहीत किंवा चुकीचे वापरतात. २०१७ मध्ये व्हिडिओच्या नकल-संरक्षणाला जोडणारे मानक कन्सॉर्टियमने संमत केले, तेव्हा त्यात एक बंद घटक अपरिहार्य असल्याने डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने कन्सॉर्टियमच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. हा आक्षेप रास्त होता.

मानक पक्के होण्यापूर्वी त्याच्या सामान्यतः किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या असाव्या लागतात, म्हणजे वेगवेगळ्या इंजिनांनी ते प्रत्यक्षात उतरवलेले असावे लागते. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या घोषणेनंतर पान वाचून पडद्यावर मांडणारी आपली इंजिने सोडून क्रोमियम, म्हणजे गूगलच्या क्रोमचा खुला पाया, स्वीकारले. आता ब्लिंक (क्रोमियमचे), वेबकिट (ॲपलचे) आणि गेको (मोझिलाचे) ही तीनच मोठी इंजिने उरली आहेत. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ‘इंटरऑप’ या उपक्रमात दरवर्षी काही वैशिष्ट्ये निवडतात, त्यांच्या सामायिक चाचण्या आपापल्या ब्राउझरवर चालवतात आणि गुण सर्वांसमोर ठेवतात.