बांधावरचा चिखल, मुठीतले तांदूळ : गोव्यातल्या स्वयंसेवेची पार्श्वभूमी

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन. तिच्या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की चर्चेला वेळ नसतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरून बसलं, तर त्या वर्षीचं भात गेलंच. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचंही जातं. म्हणून जे काही करायचं ते ओहोटी आहे तोवर. माणसं रांगेत उभी राहतात, चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकतात, कुणी पेंढा आणून टाकतो, कुणी चिरे रचतो. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे, मुख्यतः तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत, आणि तिचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला आपसूक उघडतं. बांध मात्र आपसूक उभा राहत नाही.

गोव्यातल्या स्वयंसेवेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या चिखलातून करावी लागते. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. तो संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवला. त्या दिवशीच्या भाषणांत गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेला भारत सेवक समाज येतो, गांधीजींचा विधायक कार्यक्रम येतो. ते योग्यच आहे. पण गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या राज्यात होता आणि इथली वाट वेगळी होती.

पोर्तुगीज आले तेव्हा गावकरी ही गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, संस्था इथे नांदत होती. अफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढले, तो फोराल (सनद) आजही अभ्यासकांच्या हाताशी आहे. गावची जमीन सामाईक. शेतं लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या उत्पन्नातून बांध, वाटा, देऊळ आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा, उरलं तर गावकारांनी जोण म्हणून वाटून घ्यायचं. यात दानधर्म कुठे नव्हता. बांध राखला नाही तर जोण बुडणार, इतका सरळ हिशेब होता. पुढे पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, नियमांत बांधलं आणि हळूहळू सरकारी देखरेखीखाली आणलं.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे एक गोष्ट विसरतात. गावकरीच्या बैठकीत बायकांना जागा नव्हती, आणि बांधावर प्रत्यक्ष चिखल वाहणाऱ्या बऱ्याच हातांनाही नव्हती. श्रम सगळ्यांचे, निर्णय काही घराण्यांचे.

शहरातली सेवा वेगळ्या घडणीची होती. सांता काझा द मिझेरिकोर्दिया हा सामान्य ख्रिस्ती गृहस्थांचा धर्मादाय संघ जुन्या गोव्यात रुग्ण, अनाथ आणि विधवांचं पाहत असे. हिंदूंच्या सार्वजनिक जीवनाला मात्र सोळाव्या शतकापासून जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, जागाच उरली नव्हती.

म्हणून विसाव्या शतकाचा आरंभ इथे विशेष लक्ष देऊन पाहावा. पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था सुरू झाली. तिच्या नावातच तिचा जमाखर्च आहे : घरोघरची तांदळाची मूठ. भात रांधायला घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि त्यातून मुलांची शाळा चालवायची. देणगीची पावती फाडणाऱ्याला ऐपत लागते. मुठीला लागत नाही. आणि ती मूठ रोज काढणारी बाई संस्थेच्या कागदपत्रांत कुठेच सापडणार नाही, हे माझं आपलं निरीक्षण.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. पुढच्याच वर्षी फोंड्यात दादा वैद्य, सीताराम केरकर यांच्या खटपटीतून गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं राहिलं. वाचनालयं निघाली, देवळांच्या अग्रशाळांत (भाविकांना उतरायच्या खोल्यांत) मराठी शाळा भरू लागल्या. पोटासाठी मुंबईला गेलेल्यांनी १९१९ मध्ये तिथे गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली. नाट्यप्रेमींना ती तिच्या कला विभागामुळे ठाऊक असते, पण बांदोड्याचं स्नेहमंदिर हा वृद्धाश्रमही तिचाच. बऱ्याच संस्था त्या काळी जातीजातीच्या होत्या. त्याची लाज वाटून घेण्याचं कारण नाही आणि ते झाकण्याचंही नाही. ज्यांच्यासाठी कुणीच शाळा काढत नव्हतं, त्यांनी ती आपापल्या माणसांच्या जोरावर काढली.

मग पोर्तुगालात हुकूमशहा सालाझार आला. सभा, छपाई, संघटना, सगळ्याला परवानगी. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले ते याच बंदीविरुद्ध. तिथून पुढची पंधरा वर्षं स्वयंसेवक या शब्दाचा गोव्यातला अर्थ तुरुंगाला तयार असलेला माणूस असा झाला. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ होते.

१९ डिसेंबर १९६१ नंतर सरकार आपलं झालं आणि स्वयंसेवकाच्या हातातली कामं एकेक करून सरकारने घेतली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. अग्रशाळेतला तुटपुंज्या मानधनावरचा मास्तर पगारी झाला. ही प्रगतीच. शेतीत मात्र गणित बिघडलं. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिलं, ते हवंच होतं, पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडून कूळसंघांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी मधल्या मध्ये पडून राहिली. त्यात मानशीतली मासळी धरायच्या हक्काचा लिलाव. खारं पाणी आत राहिलं तर मासे, बाहेर राहिलं तर भात, आणि माशांत पैसा अधिक. काही खांडी पाण्याने पडतात, काही पाडल्या जातात, असं गावात उघड बोललं जातं.

देशपातळीवर याच सुमारास सेवा अभ्यासक्रमाच्या शेजारी येऊन बसली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आमच्या शिबिरात डायरीतले तास आधी भरायचे आणि झऱ्याकडची वाट नंतर साफ करायची, अशी तऱ्हा होती. तरीही एका वाड्यावरच्या आजीने तिसऱ्या दिवशी आम्हांला नाचणीची आंबील आणून दिली आणि 'उद्या कितें करतले?' असं विचारलं, तेव्हा डायरी कुणालाच आठवली नाही.

ज्यांनी तास मोजले नाहीत त्यांचं काम या काळात राखणदारीचं झालं. यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकारांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा) लढा, पश्चिम घाट बचाव पदयात्रा (ती १९८८ च्या फेब्रुवारीत फोंडा तालुक्यात संपली), सत्तरीतल्या केरीची विवेकानंद पर्यावरण जागृती फौज, आणि जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यायला लावणारी २००६-०७ ची चळवळ. पूर्वी जे नव्हतं ते उभारायचं होतं. आता जे आहे ते विकलं जाऊ नये म्हणून जागायचं.

मोरजीच्या किनाऱ्यावर हे जागणं शब्दशः चालतं. ऑलिव्ह रिडले कासवी रात्री वाळूत अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. एके काळी ही अंडी उकरून विकली जात. मग गावातल्याच लोकांनी घरट्यांवर पहारा धरला, पुढे वन खात्याने त्यांतल्या काहींना रोजंदारीवर घेतलं. आता ते स्वयंसेवक की कामगार, यावर किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाद होतो. वाद चालू असताना कुंपणाशी बसलेला माणूस कुत्र्यांना हाकलत असतो.